छप्पर आधी, सीट नंतर

“मुलगी अबोल आहे, ते एका परीनं बरंच झालं. कारखान्याचं कळलं तरी आरडाओरडा करणार नाही.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. लग्नानंतरच्या सत्यनारायणाला मी स्वयंपाकघरात शिऱ्याच्या मुदी पाडत होते आणि पलीकडच्या खोलीत माझे चुलतसासरे, बापूकाका, माझ्या सासऱ्यांना म्हणजे आप्पांना ते हळू आवाजात सांगत होते. बापूकाकांचा हळू आवाज आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो.

मी मुदीवर बेदाणा लावला आणि बापूकाकांचं म्हणणं खरं केलं.

पण अबोल माणसाचं एक असतं. बोलणाऱ्यांचे किस्से बोलण्यात खर्च होऊन जातात, आमच्यासारख्यांकडे ते साठत राहतात. सव्वा वर्षात माझ्याकडे इतके साठले की कपाटाचं दार लागेना, असं झालंय. आता कारखान्याला कुलूप लागून तीन महिने झाले, घरात सगळ्यांना वेळेवर भूक लागते, शांत झोप लागते. तेव्हा सांगायला हरकत नाही.

कारखाना हडपसरला. एक शेड, दोन मशीनं. नाव ‘मिनीरथ’. डबा उघडला की आत प्लॅस्टिकची एक जाळी, आणि त्या जाळीला लटकलेली दारं, चाकं, सीटा, स्टिअरिंग. एकेक भाग तोडायचा, चिकटवायचा, की तळहाताएवढी मोटार तयार. हुबेहूब रस्त्यावरच्यासारखी. एके काळी दिवाळीच्या सुटीत पुण्यातल्या निम्म्या घरांतून त्या गोंदाचा वास यायचा म्हणे. म्हणे, कारण तेव्हा मी साताऱ्यात भातुकली खेळत होते.

*

पहिली गाडी कशी झाली, हे मी आतापर्यंत अकरा वेळा ऐकलंय.

बापूकाका ड्राफ्ट्समन. नकाशे काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण त्यांच्याकडे मोजायला गाडीच नव्हती. मग दोघे भाऊ एका सरकारी कचेरीबाहेर गेले. तिथे साहेबांची पांढरी, गोल पाठीची गाडी उभी होती. आप्पांनी टेपचं एक टोक बंपरला धरलं, बापूकाकांनी दुसरं. पाच मिनिटांत हवालदार आला.

“काय चाललंय?”

“गाडी मोजतोय.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी सांगितलं नाही म्हणून तर आजच होतंय,” बापूकाका म्हणाले. “सांगितलं असतं तर आधी टेंडर निघालं असतं.”

हवालदारानं दोघांना तिथंच उभं केलं आणि साहेबांना बोलावलं. साहेब आले. त्यांनी वही बघितली, नकाशा बघितला, टेप बघितली.

“वरून ठीक आहे,” साहेब म्हणाले, “पण खालून कशी मोजणार? उद्या सर्व्हिसिंगला जातेय. नऊ वाजता गॅरेजवर या.”

*

मिनीरथची भरभराट आप्पांच्या मते आप्पांमुळे झाली, बापूकाकांच्या मते नकाशांमुळे. सासूबाईंचं मत वेगळं आहे. “अर्धा कारखाना यांनी चालवला, अर्धा सदाशिव पेठेनं.”

कारण लोक पत्रं लिहायचे. आप्पांनी सगळी जपून ठेवलीत. त्यातलं एक कार्ड तर मला पाठच झालंय: ‘आपल्या डब्यात पाच चाके निघाली. पाचवे स्टेपनी असल्यास तसे छापावे. नसल्यास येऊन घेऊन जावे. वेळ सायंकाळी पाच ते सहा. इतर वेळी दार उघडले जाणार नाही.’

आप्पा खरंच गेले! सव्वापाचला. गृहस्थांनी पाकिटात घातलेलं चाक त्यांच्या हातावर ठेवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. पण आप्पांच्या डोक्यात ते स्टेपनीचं बसलं. पुढच्या खेपेपासून प्रत्येक डब्यात पाचवं चाक, वर ठळक अक्षरांत ‘स्टेपनीसह’. पहिला डबा त्याच गृहस्थांना सप्रेम भेट.

आठवड्यानं कार्ड आलं. ‘स्टेपनी मिळाली. ठेवणार कुठे? डिकी उघडत नाही.’

बापूकाकांनी तीन महिने खपून उघडणारी डिकी केली. त्या डिकीवर मिनीरथ मुंबईपर्यंत गेलं.

*

आमच्या घरात दर रविवारी चहानंतर एक डबा उघडायचे. आप्पांचा नियम होता. नव्या खेपेतला कोणताही एक डबा घ्यायचा आणि घरातल्या एकानं गिऱ्हाईक होऊन गाडी जोडायची. आपल्याला जे माहीत आहे ते विसरायचं, फक्त सोबतच्या कागदावर लिहिलंय तेच करायचं. त्या कागदाला आप्पा ‘कृतिपत्रिका’ म्हणतात. इन्स्ट्रक्शन शीट म्हटलेलं त्यांना चालत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी गिऱ्हाईक मी. समोर वर्तमानपत्र पसरलं, भोवती सासर बसलं. कांदेपोह्यांचा कार्यक्रम बरा, तिथे निदान हातात गोंद नसतो.

मी कागद वाचून एकेक भाग लावत गेले. सहाव्या पायरीला छप्पर चिकटवलं. सातव्या पायरीला लिहिलं होतं, ‘आता सीटा बसवा.’

मी छप्पर बघितलं, सीटा बघितल्या, कागद पुन्हा वाचला. मग मी अंबाड्यातला आकडा काढला आणि खिडकीतून एकेक सीट आत ढकलायला लागले.

“अगं, हे काय?” आप्पा ओरडले.

“कागदावर असंच आहे,” मी म्हणाले.

कागद हातोहात फिरला. खरंच, छप्पर आधी आणि सीट नंतर! दोन वर्षांपूर्वी कागद नव्यानं छापले तेव्हा पायऱ्यांची उलटापालट झाली होती. दर रविवारी घरातलं कुणी ना कुणी गाडी जोडत होतं, पण कागद हातात धरून, हातांना येतं तसं! वाचला कुणीच नव्हता.

“दोन वर्षं लोक काय करत असतील हो?” सासूबाई म्हणाल्या.

“काही अडलं नसणार,” बापूकाका छाती फुगवून म्हणाले. “दोन वर्षांत एक तक्रार आलेली नाही!”

आणि तीच छाती लगेच खाली बसली. पाचव्या चाकाबद्दल कार्ड लिहिणारं हे शहर. छप्पर लावल्यावर सीटा बसवायला सांगितल्या आणि एका माणसानंही कार्ड लिहिलं नाही? म्हणजे डबे कुणी उघडतच नव्हतं.

“चांगली झालीय गाडी,” आप्पा म्हणाले आणि गॅलरीत निघून गेले.

*

डबे का उघडत नव्हते, ते मला आप्पांबरोबर लक्ष्मी रोडवरच्या खेळण्यांच्या दुकानात गेल्यावर कळलं. परदेशी बनावटीच्या, धातूच्या, तयार मोटारी आल्या होत्या. गोंद नाही, जाळी नाही, कृतिपत्रिका नाही. आप्पांनी शत्रुपक्षाचा अभ्यास म्हणून एक विकत घेतली.

घरी येऊन पाकीट फाडलं, गाडी फरशीवर ठेवली आणि बोटानं ढकलली. ती सुर्रकन पळत गेली आणि सोफ्याखाली दिसेनाशी झाली.

आप्पांनी वाकून सोफ्याखाली बघितलं. “पण यात माणसानं करायचं काय?”

“अहो,” सासूबाई म्हणाल्या, “खेळायचं!”

*

एकदा मी आप्पांच्या स्कूटरवर मागे बसून हडपसरला गेले. शेडच्या अलीकडच्या वळणावर आप्पांनी दोनदा हॉर्न वाजवला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मग स्कूटर बाजूला घेऊन त्यांनी चष्मा काढला आणि तो सावकाश पुसला. पहिल्यांदा एक काच, मग दुसरी, मग परत पहिली. तेवढ्यात शेडमधून मशीनचा आवाज सुरू झाला.

“चला,” आप्पा म्हणाले. चष्मा आधीही स्वच्छच होता.

पंधरा दिवसांनी आप्पांचा जेवणाचा डबा घरी राहिला, म्हणून मी तो घेऊन बसनं गेले. शेडमध्ये शांतता. पॅकिंगच्या दोघी मेथी निवडत होत्या. आमचे फोरमन रशीदभाई पेपर वाचत होते. मला बघून ते ताडकन उठले आणि त्यांनी मशीनचं बटण दाबलं. मग स्वतःच बंद केलं.

“आप्पासाहेब बँकेत गेलेत,” ते म्हणाले. “तुम्ही बसनं आलात, सूनबाई. आम्हाला हॉर्नची सवय.”

मी काही बोलले नाही. त्यामुळेच असेल, रशीदभाईंनी पेपरची घडी घातली आणि सगळं सांगून टाकलं. “ऑर्डरच नाहीत, तर मशीन कशाला चालवायचं? पण थांबलेलं मशीन आप्पासाहेबांना बघवणार नाही. मेव्हण्यानं बादल्यांची झाकणं बनवायला शेड घेतलीय, मला भागीत बोलावतोय. जीव तिकडे ओढतो. पण मी गेलो तर आप्पासाहेब कोलमडतील. वीस वर्षं झाली. तुम्ही कुणाला बोलू नका.”

नाही बोलले.

*

मग रांगच लागली! माझ्या तोंडावर ‘मन मोकळं करण्याची जागा’ अशी पाटी आहे की काय, कोण जाणे.

शिरीष, म्हणजे कारखान्यातच काम करणारा माझा नवरा, मला खडकवासल्याला घेऊन गेला. कणीस अर्धं खाऊन झाल्यावर म्हणाला, “मला एका मोटार कंपनीतनं पत्र आलंय. डिझाइनमध्ये. खऱ्या गाड्या गं! ज्यांच्यात माणूस बसतो!” इतका आनंद मी लग्नातही त्याच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. मग तो चेहरा उतरला. “सोमवारपर्यंत कळवायचंय. नाहीच म्हणणार. आप्पा उभ्यानं खचतील. तू बोलू नकोस कुणाला.”

बापूकाकांनी मला जिन्यात गाठलं. हातात स्वतःचाच नकाशा.

“हे बघ, इथे तीन लिहिलंय की आठ?”

“सहा, काका.”

ते पायरीवर बसले. “सहा महिने झाले, मला माझेच आकडे दिसत नाहीत. पण दादाला कळलं तर तो कारखाना बंद करेल, आणि कारखान्याशिवाय तो आठ दिवस काढणार नाही. बोलू नकोस हं!” हे हळू आवाजात. नशीब, दुपारी सोसायटी झोपलेली होती.

सासूबाईंनी पोळ्या लाटता लाटता सांगितलं. दुकानांतून परत आलेले डबे आमच्या हॉलमध्ये छतापर्यंत लागले होते. पाहुणा आला की डब्यावर बसायचा. “मला माझ्या हॉलमध्ये एकदा पाय पसरून बसायचंय,” त्या म्हणाल्या. “पण या तिघांचा जीव आहे त्यात. बोलायचं नाही.”

राहता राहिले आप्पा. गुरुवारी गॅलरीत ते गुलाबांना पाणी घालत होते. मी वाळलेले कपडे काढत होते.

“मला कंटाळा आलाय गं,” ते कुंडीला म्हणाले. “रोज सकाळी हडपसर नको वाटतं. पण शिरीष माझ्या भरवशावर राहिला, दुसरं काही बघितलं नाही पोरानं. आता त्याच्याच हातातून काढून घेऊ? आणि बापू? त्याला नकाशांशिवाय आहे काय? रविवारी नव्या गाडीचं ठरवू या म्हणतो, म्हणजे आणखी पाच वर्षं. माझ्या मनात नाही, पण त्यांच्यासाठी…” कुंडीतून पाणी वाहायला लागलं होतं. “कुणाला सांगू नकोस. शिरीषला तर नाहीच.”

मी कपड्यांच्या घड्या घातल्या. पाच माणसं एकमेकांवरच्या मायेनं एक बंद कारखाना चालवत होती, आणि रविवारी तो आणखी पाच वर्षांसाठी चालवायचं ठरणार होतं. मैत्रिणींनो, मी काय करायला हवं होतं, सांगा!

*

रविवारी रशीदभाईंनाही घरी बोलावलं. जीपच्या नव्या मॉडेलचा नकाशा डब्यांच्या एका बुटक्या थप्पीवर पसरला. साचा करायला द्यायच्या कागदावर आप्पांची सही हवी होती.

“एकदा सही केली की पाच वर्षं कुणी मागे हटायचं नाही,” आप्पा म्हणाले. “बोला. करायचं?”

“करू या की,” शिरीष दाढ काढायला बसलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाला.

“दादा, तुझ्यासाठी अशा दहा गाड्या काढीन!” बापूकाका म्हणाले. नकाशा त्यांनी हातभर लांब धरला होता.

“आप्पासाहेब म्हणतील तसं,” रशीदभाई चपलांकडे बघत म्हणाले.

“अजून डबे मावतील,” सासूबाई म्हणाल्या. त्या उभ्या होत्या, कारण बसायला जागा नव्हती.

आप्पांनी पेनचं टोपण काढलं. “सगळ्यांचीच इच्छा आहे म्हटल्यावर माझी तर आहेच.”

कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी चहाचा ट्रे आणला होता. तो मी त्या कागदावर, आप्पांची सही यायची होती बरोबर त्या जागी ठेवला.

“आप्पा, पेन जरा खाली ठेवा,” मी म्हणाले. “तुम्ही गॅलरीत जे सांगितलंत तेच शिरीषनं खडकवासल्याला सांगितलं, काकांनी जिन्यात, आईंनी ओट्यापाशी आणि रशीदभाईंनी शेडमध्ये. पाचही जणांनी ‘कुणाला बोलू नकोस’ म्हणून बजावलंय, म्हणून मी काही बोलत नाही. तुमचं तुम्ही एकमेकांना सांगा. आणि चहा घ्या, गार होतोय.”