कामिनीने शोधलेला काठ

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं, तेव्हा कामिनी शाळेत होती. आता ती तिशीला आलीय. पुनर्वसन वसाहतीत राहते. नवरा सूरज डोंग्यावर, म्हणजे लहान नावेवर, मासोळी धरायला जातो आणि ती स्कूटीवरून गावोगाव मासोळी विकते. आमच्या मच्छीमार संस्थेची ती सभासद, मी सचिव. तिच्याविषयी सांगायचं तर आधी माझी चूक सांगावी लागेल.

संस्थेला एकच शेड मंजूर झाली होती. आत मोठी बर्फपेटी, वजनकाटा, वर पत्रे. ती वसाहतीच्या चौकात, डांबरी रस्त्याला लागून बांधायची, असं अध्यक्ष देवाजी आणि मी ठरवूनच टाकलं होतं. बैठकीत कामिनी उठली.

"देवाजीमामा, चौकात डोंगे येतेत का?"

"डोंगे नाही येत, पन व्यापाऱ्याची गाडी येते."

"आन् काठावरून चौकापर्यंत येईस्तोवर मासोळी नरम पडते, त्याचं काय? मले पंधरा दिवस द्या."

मी हसलो. "पंधरा दिवसात काय करशीन?"

"कोन कुठं उतरते ते पाहीन, काका."

आदल्या वर्षी ती सरकारच्या ई-पीक पाहणीला, म्हणजे शेतातलं पीक फोनवर नोंदवायच्या कामाला, सहायक होती. धानाच्या बांधीत उभं राहून फोनवर ठिकाण नोंदवायची तिला सवय झालेली. तेच तिनं काठावर केलं. उजाडलं की काठाकाठानं चालत जायची. डोंगा लागला की तिथंच नकाशावर खूण करायची, वेळ लिहायची, मासोळी बर्फात पडायला किती मिनिटं लागली तेही लिहायची.

पंधरा दिवसांनी तिनं फोन आमच्यापुढे धरला. चौकाच्या बाजूला जेमतेम नऊ खुणा. बुडालेल्या गावाचा जुना खडीचा रस्ता जिथं पाण्यात उतरतो, तिथं मात्र गुळाला मुंग्या लागाव्यात तशी दाटी. पाय रुतत नाही म्हणून डोंगे तिकडेच वळायचे. रोज पाहत होतो, पण कधी मोजलं नव्हतं.

तेवढ्यावर ती थांबली नाही. उपग्रहाची फुकट मिळणारी चित्रं तिनं चार वर्षांची, महिन्यामहिन्याची काढली. मे महिन्यात चौकाकडचं पाणी किलोमीटरभर मागे सरतं आणि उरतो चिखल. जुन्या रस्त्याकडे उतार खडा, म्हणून पाणी शंभर पावलंच हटतं.

"तिथं लाईट कुठं आहे?" देवाजींनी विचारलं.

"चार खांब लागतेत. मोजून आली मी."

एक अडचण मात्र होती. पाणी सगळ्यात वर चढतं त्या पावसाळी दिवसांतली चित्रं ढगांनी झाकलेली. कामिनीनं शेडची जागा अंदाजानं धरली आणि सासूला, सीताबाईंना, तिथं घेऊन गेली. मीही गेलो. सीताबाई त्या जागेवर थांबल्याच नाहीत. चढ चढून एका पळसाच्या खोडाला हात लावत म्हणाल्या, "दोन सालाखाली पानी इथवर आलं होतं, माय. तुही शेड वाहून गेली असती."

कामिनीचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिनं पहिली खूण पुसली, पळसाच्या वर साठ पावलं चालत गेली आणि नवी खूण केली. स्वतःच्या पंधरा दिवसांच्या मेहनतीवर असं बोट ठेवू देणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

पुढच्या बैठकीत या नव्या जागेसाठी सर्वांत आधी हात वर झाला तो देवाजींचा.

फेब्रुवारीत शेड उभी राहिली, मुरूम टाकून वाट झाली, व्यापाऱ्याची गाडी थेट खाली येऊ लागली. आधीच्या मे महिन्यात चारातली एक टोपली फेकावी लागायची. या मे महिन्यात दोनच टोपल्या फेकल्या, त्याही बर्फाची गाडी बिघडली त्या दिवशी.

मी तिच्याहून वीस वर्षांनी मोठा. सध्या नकाशावर खूण कशी ठेवायची ते तिच्याकडून शिकतोय. माझं बोट जाड, खुणा हमखास पाण्याच्या मधोमध पडतात. ती न कंटाळता म्हणते, "काका, पुन्हा करा."