फोईच्या खुणा

फोई माणसाला तोंडावरून नव्हे, तोंडावरच्या खुणेवरून ओळखायची. बडोद्यात अकोट्याच्या आमच्या सोसायटीतला एखादा मुलगा बारा-पंधरा वर्षांनी परदेशातून यायचा, दाढी वाढवलेला, अंगाने सुटलेला. त्याची सख्खी काकूसुद्धा फाटकात क्षणभर अडखळायची. फोई सरळ पुढे व्हायची, हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडे वळवायची आणि गालावरचा कांजिण्यांचा बारीक खळगा बोटाने चाचपून म्हणायची, "हा माझा." माझा म्हणजे मुलगा नव्हे, व्रण. लहानपणी त्याने तो फोड खाजवला तेव्हा त्याचा हात धरायला आपल्याला उशीर झाला, म्हणून तो व्रण तिच्या नावावर. माझ्या उजव्या भुवईवर असा एक आहे.

फोई गेली त्याला आता सात महिने झाले. तिच्याबद्दल लिहायला बसतो आणि दोन ओळी झाल्या की उठून खिडकीशी जाऊन उभा राहतो. माझा राग तिच्यावर आहे की स्वतःवर, हे अजून नीट ठरलेलं नाही. पण ते ठरेपर्यंत थांबलो तर तिच्याबद्दल कधीच लिहून होणार नाही, म्हणून आज पुन्हा बसलो आहे.

फोई म्हणजे गुजरातीत आत्या. ती आमच्यापैकी कोणाचीच आत्या नव्हती. रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरातली, लग्न न केलेली, बालवर्गात आयुष्य काढलेली बाई. शेजारच्या पटेलांची मुलं तिला फोई म्हणायची, त्यांचं ऐकून आम्ही म्हणायला लागलो, आणि शेवटी आमचे आईवडीलही. तिचं मराठी अस्सल बडोद्याचं होतं. कशालाही "वांधा नाही" म्हणायची आणि निघताना "आवजो". पटेलांकडची शीतळा सातम, म्हणजे देवीची श्रावणातली सप्तमी, ती त्यांच्याइतक्याच निष्ठेने पाळायची, आदल्या दिवशीचं थंडं खाऊन. कोणी चिडवलं तर म्हणायची, "देवी मराठी असो की गुजराती, तिला गरम चालत नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं."

सोसायटीत कुणाच्या घरी कांजिण्या आल्या की पहिली वर्दी डॉक्टरला नाही, फोईला जायची. ती येताना नेलकटर, सुती मोज्यांची जोडी आणि कडुलिंबाची डहाळी घेऊन यायची. नखं कापायची, हातांत मोजे चढवायची, घरात फोडणी बंद करायची आणि पोराच्या उशाशी ठाण मांडायची. गोष्ट सांगायची, पण अट अशी की दोन्ही हात मांडीखाली. हात बाहेर आला की गोष्ट थांबली. मला कांजिण्या झाल्या तेव्हा एका राजाची बोट तिने चार दिवस नदीच्या मधोमध उभी ठेवली होती, कारण माझा हात राहतच नव्हता. ताप, खाज, आईची काळजी हे सगळं मी विसरलो आहे. ती बोट मात्र लक्षात आहे.

फोईची दुसरी एक रीत होती, आणि ती सांगायचं मी आत्तापर्यंत टाळत होतो. पाचव्या दिवशी ती आजारी पोराच्या घरी देवीचं थंडं करायची. दहीभात, काकडी, आदल्या दिवशीच्या पुऱ्या. जेवायला बोलवायची ती मुद्दाम अशी मुलं, ज्यांना कांजिण्या यायच्या बाकी आहेत. सगळी एका ओळीत, आजारी पोराला खेटून. "लहानपणी हलक्या येतात. एकदा येऊन गेल्या की जन्माची कटकट गेली," ती म्हणायची. आमच्या आया आम्हाला स्वच्छ कपडे घालून, केस विंचरून त्या जेवणाला पाठवायच्या. मीही असाच एका थंड्याला जेवलो, दोन आठवड्यांनी अंगभर फोड घेऊन घरी बसलो आणि बरा झालो. कुणाचं काही बिघडलं नाही, असं आम्ही सगळे मानत होतो.

मृदुला, माझी बायको, पुण्याची. तिचं माहेर डॉक्टरांचं नाही, पण तिला कागद वाचायची सवय आहे. आमची सई सव्वा वर्षाची झाली तेव्हा लसीच्या कार्डावर कांजिण्यांच्या रकान्यापुढे मुलांच्या डॉक्टरांनी पेन्सिलने बारीक खूण केली होती. सरकारी लसींत ही नाही, म्हणून ते बळजबरी करत नसत. घ्यावी एवढंच म्हणाले. मृदुला मागे लागली आणि मी पुढे ढकलत गेलो. एकदा सईला सर्दी होती, एकदा माझी कामाची पाळी बदलली. खरं कारण सांगायचं तर मला ती लस जरा नखरेल वाटत होती. कांजिण्यांना कोणी लस घेतं का? मी नंदेसरीला एका केमिकल कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. आजवर झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही असं धरून चालू नका, हे मी तिथे रोज माणसांना घसा कोरडा करून सांगतो.

शेवटी एका शनिवारची वेळ ठरली. त्या आठवड्यात पटेलांच्या ध्रुवला कांजिण्या निघाल्या होत्या. गुरुवारी दुपारी मी प्लांटवर असताना फोईचा फोन आला. सई दिवसभर तिच्याकडेच असायची. आम्ही दोघं कामावर, आणि तिच्याइतकं जपणारं दुसरं कोणी नव्हतं.

"ध्रुवचं आज थंडं आहे," फोई म्हणाली. "सईला नेऊ ना रे? हलक्या आहेत त्याच्या. लागल्या तर लागल्या."

मागे यंत्रांचा आवाज होता, समोर कोणीतरी सही मागत होतं. मी म्हणालो, "ने की. वांधा नाही."

तिचा शब्द तिलाच परत दिला म्हणून ती हसली.

संध्याकाळी मृदुलाला कळलं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "शनिवारी लस आहे. ती तरी देऊन येऊ." मी म्हटलं, आता लागणच झाली असेल तर लस काय करणार, उगाच पोरीला टोचायचं. आणि मी दवाखान्यात फोन करून वेळ रद्द केली. ती वाद घालत राहिली, मी वर्तमानपत्र उघडलं.

बरोब्बर दोन आठवड्यांनी सईला ताप आला. दुसऱ्या दिवशी पोटावर फोड दिसले, तिसऱ्या दिवशी पापण्यांवर, तोंडात, जिभेवर. दूध तोंडाला लावलं की ती किंचाळायची. फोई मोजे घेऊन आली, पण ते बाळमुठींवर राहत नव्हते, आणि एकोणीस महिन्यांच्या पोरीला गोष्टीची अट कशी घालणार? दोन दिवस फोई तिला मांडीवर घेऊन तिचे हात आपल्या हातांत धरून बसली. मी रजा घेतली होती. मला बसवत नव्हतं. दारापर्यंत जायचो, परत यायचो, थर्मामीटर झटकायचो, पुन्हा लावायचो. मृदुला डॉक्टरांना फोन करत होती. ते म्हणाले, ताप उतरला नाही किंवा श्वास वाढला तर थांबू नका.

पाचव्या दिवशी सकाळी सई रडायची थांबली. मला वाटलं, उतार पडला. फोईने तिचं झबलं वर केलं, छातीवर तळवा ठेवला आणि तशीच राहिली. बरगड्यांच्या मधली जागा आत ओढली जात होती. मांडीवरचा एक फोड सुजून लाल झाला होता, भोवतीची कातडी तापलेली. फोईने आयुष्यभर ही मुलं बघितली होती. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"हे माझ्या हातातलं नाही," ती म्हणाली. "रिक्षा बोलाव. आत्ताच्या आत्ता."

एरवी अंगावर देवी असताना पोराला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, हा तिचा नियम. त्या दिवशी तीच सईला पदरात गुंडाळून अनवाणी फाटकापर्यंत धावली. मी मागून तिच्या चपला घेऊन गेलो.

मुलांच्या इस्पितळात सई नऊ दिवस होती. फुप्फुसांत सूज, फोडांत जंतू. हाताला सलाईन, नाकाला ऑक्सिजनची नळी. वेगळ्या खोलीत एका वेळी एकालाच सोडायचे. फोई लिफ्टजवळच्या बाकावर बसून असायची. घरी जा म्हटलं तर मान हलवायची आणि जायची नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा ती उठून उभी राहिली.

"ह्याची सुई असते ना हो?" तिने विचारलं.

"असते, आजी. बहुतेक मुलांना कांजिण्या हलक्याच येतात. पण कुणाला हलक्या आणि कुणाला अशा, हे आधी सांगता येत नाही. म्हणून लस." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, लागण कधी झाली ते माहीत आहे का. मी गुरुवारच्या जेवणाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यानंतर दोन-तीन दिवसांत लस दिली असती तरी बराच फरक पडू शकला असता."

शनिवार. मृदुला माझ्या शेजारी उभी होती. ती आजतागायत त्यावर काही बोललेली नाही. कधी कधी वाटतं, तिने एकदा बोलून टाकावं.

फोई बाकावर बसली. मग मला म्हणाली, "कोपऱ्यातल्या घरातली नीलू आठवते तुला?" आठवत होती. माझ्याच ओळीत थंड्याला जेवलेली. कांजिण्यांनंतर महिनाभर ती तोल जाऊन चालायची आणि आम्ही मुलं तिची नक्कल करून हसायचो. पुढे बरी झाली, ते लोक सुरतेला गेले. "मी म्हणायचे, अशक्तपणा आहे," फोई म्हणाली. "मी तिला कधी मोजलंच नाही रे." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मलाही तिच्याकडे बघवत नव्हतं. तिला दोष द्यावा तर फोनवर हो म्हणणारा मी होतो, आणि वेळ रद्द करणाराही.

सई बरी झाली. घरी आली तेव्हा इतकी हलकी झाली होती की उचलताना हात घाबरायचे. नाकाच्या डाव्या बाजूला एक खोल व्रण राहिला.

त्यानंतर फोईने थंडं केलं नाही. सातमला स्वतःपुरतं खायची. कडुलिंबाची डहाळी मात्र सुटली नाही, ती हातात घेऊनच ती नव्या बाळंतिणींच्या घरी जायची आणि दारातूनच विचारायची, "अछबडानी रसी मुकावी?" मराठी घर असेल तर, "कांजिण्यांची सुई झाली का?" कोणी म्हणालं की फोई, तुम्हीच तर सांगायचात एकदा येऊन जाऊ दे, तर ती ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "मी चुकीचं सांगायचे. मला नका विचारू, डॉक्टरला विचारा." एवढं सरळ कबूल करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मला ते तितक्या सरळ अजून जमलेलं नाही. आणि एक बदल झाला, तो फक्त आमच्या लक्षात आला. ती "वांधा नाही" म्हणेनाशी झाली. भाजीवाल्याकडे कोथिंबीर नसली तरी नुसतं "बरं" म्हणायची.

सई तिच्या अंगाखांद्यावर वाढली. पण सईच्या तोंडावर फोईने ते बोट कधी ठेवलं नाही. सई पाच वर्षांची असताना एकदा सोसायटीतला कोणी मोठा मुलगा आला, फोईने नेहमीसारखी त्याची हनुवटी धरली, "हा माझा" म्हणाली. सई बघत होती. तिने फोईचं बोट धरून आपल्या नाकाशेजारी टेकवलं. "हा पण तुझा ना?"

फोईने हात काढून घेतला.

"तो माझा आहे, सई," मी म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मृदुला आतून चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. मग तिने पहिला कप माझ्यापुढे ठेवला.

शेवटच्या वर्षात साखरेने फोईची नजर गेली. दिवाळीत आम्ही तिच्याकडे बसलो असताना पटेलांच्या हेतलबेन धाकट्या परीला घेऊन आल्या. परी दीड वर्षाची. फोईने महिनोन् महिने पाठपुरावा करून तिची लस करवून घेतली होती. हेतलबेननी तिला फोईच्या मांडीवर बसवलं. फोईची बोटं तिच्या कपाळावरून फिरली, भुवयांवरून, दोन्ही गालांवरून, नाकाच्या बाजूने, हनुवटीखाली. पुन्हा एकदा सावकाश फिरली. कुठेच काही लागलं नाही.

"हिला मी ओळखणार कशी?" फोई म्हणाली.

"अवाजथी ओळखजो ने, फोई," हेतलबेन हसून म्हणाल्या.

फोईने मान हलवली. तिचा तळवा त्या गुळगुळीत गालावर तसाच राहिला होता.

"नाही ओळखली तरी वांधा नाही," ती म्हणाली.