हक्कसोडीची साडी

आमच्या घरी राहून गेलेल्या पाहुण्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी आधी एवढं लक्षात घ्यावं की सकाळी ओसरीवर बसवून मी तुम्हाला जे सांगितलं, त्यातलं जवळजवळ काहीच खरं नव्हतं. तुम्ही ते माना डोलावत ऐकलंत, मोबाइलवर टिपून घेतलंत आणि निघताना अभिप्रायाच्या वहीत ‘इतिहास जिवंत झाला’ असं लिहून गेलात. मी अडतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. एकाही वर्गाने माझं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. वर्गात मी खरं सांगत होतो, हे त्याचं कारण असावं.

आमचं घर भिवंडीहून अंजूरकडे जाताना रस्त्यापासून आत, खाडीच्या बाजूला आहे. ते पणजोबांनी बांधलं. पेशव्यांचा एक सरदार वसईकडे जाताना आमच्या माडीवर मुक्कामाला होता, असं मी सांगायचो. पणजोबांच्या जन्माआधीच पेशवाई बुडाली होती, हा साधा हिशेब चार वर्षांत एकाही पाहुण्याने केला नाही. त्यांच्यात इंजिनिअर होते, डॉक्टर होते, एक तर कॉलेजात प्राध्यापक होता. तळमजल्यावरची अंधारी खोली मी शस्त्रागार म्हणून दाखवायचो. पणजोबा मिठागरांवर कारकून होते आणि त्या खोलीत मिठाची पोती असत. म्हणून तिच्या भिंतींचा गिलावा आजही दर पावसाळ्यात ढलपे सुटून पडतो. पाहुणे त्या भिंतीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, “काय टेक्स्चर आहे.”

ही कल्पना माझ्या मुलाची. तो ठाण्यात राहतो, आणि आठ खोल्यांचं घर एका म्हाताऱ्यासाठी उघडं ठेवणं त्याला सहन होत नव्हतं. बायको गेल्यावर तो म्हणाला, “बाबा, तीन खोल्या पाहुण्यांना देऊ. रात्रीचा मुक्काम आणि सकाळी नाश्ता, बस. फक्त लोकांना स्टोरी लागते. ती तुम्ही द्या.” मी दिली. दोष द्यायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही.

भिवंडीत मुद्दाम राहायला कोण येणार, असं तेव्हा मलाही वाटलं होतं. येतात. गोदामं तपासायला आलेले कंपन्यांचे लोक यायचे. त्यांना माडीवर एसी हवा असायचा आणि खिडकीतून ट्रक दिसता कामा नयेत अशी अपेक्षा असायची. ट्रकमध्ये माल त्यांचाच. मुंबईची लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला यायची आणि आमच्या सागवानी खांबांना असे रेलायची, जसं काही तिथेच रांगलेत. शांततेच्या शोधात आलेले लोक चपला काढायच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारायचे. शेजारच्या लूमच्या खटखटीला एक बाई ‘लोकसंगीत’ म्हणाल्या. मी हसून होकार दिला. त्या काळात मी कशालाही हसून होकार देत होतो.

आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट: नाश्ता. घावन, नारळाचा रस आणि गुळाचा खडा. त्या नाश्त्याबद्दल मला नीट लिहायचं आहे.

घावनं माझी थोरली बहीण करायची. तिला मी अक्का म्हणतो. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा अक्काला सातवीतून काढलं, कारण घरात स्वयंपाकाला कोणी नव्हतं. मी पदवीपर्यंत शिकलो ते तिच्या हातचं खाऊन. बिडाच्या तव्यावर पहिलं घावन कधीच धड निघत नाही, चिकटतं, फाटतं. ते फाटकं अक्का चुलीपाशीच उभ्याने खायची आणि मला दुसऱ्यापासून पुढची, जाळीदार, अख्खी मिळायची. मी कॉलेजात जाईपर्यंत मला वाटायचं, तिला फाटकी आवडतात.

तिला खाडीपलीकडच्या खेड्यात दिली. तिथे राहून तिची बोली तिथली झाली. ‘आहे’चं ‘हाय’ झालं, ‘नाही’चं ‘न्हाय’. शिक्षक झालेल्या माझ्या कानाला ते खटकायचं. हे लिहायला आता लाज वाटते. तेव्हा तिच्या बोलण्याची वाटायची.

वडील गेल्यावर तिने हक्कसोड लिहून दिली. बहिणीने माहेरच्या घरातला आपला वाटा सोडायचा आणि भावाने साडी-खण देऊन माहेर कायम उघडं ठेवायचं, ही आमच्याकडची जुनी पद्धत. कागदावर यातला फक्त पहिला भाग असतो. कचेरीतल्या अधिकाऱ्याने तिला विचारलं, “आजी, राजीखुशीने सही करताय ना? कोणी जबरदस्ती तर केली नाही?” तेव्हा ती आजी झालेलीही नव्हती. ती म्हणाली, “पाठचा भाऊ हाय माझा. याला मी कडेवर घेऊन फिरलेय. हा काय जबरदस्ती करतो.” कचेरीतले सगळे हसले. मी तिला वांगी रंगाची साडी दिली आणि चार माणसांसमोर म्हणालो, “अक्का, घर तुझंच आहे.”

बायको गेली तेव्हा अक्का विधवा होती आणि काल्हेरला मुलीकडे, म्हणजे माझ्या भाचीकडे, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होती. मी तिला आणायला गेलो. म्हणालो, “घर सुनं पडलंय. माहेरी चल.” पाहुण्यांचं अवाक्षर काढलं नाही. त्र्याहत्तर वर्षांची ती बाई रिक्षात बसून वाटभर मला जुन्या जांभळाची चौकशी करत होती, आहे की तोडलं म्हणून.

पाहुणे यायला लागले तेव्हा तिने कुरकूर केली नाही. “घरी माणसं आली म्हणजे खायला घालायचंच,” एवढंच म्हणाली. पहाटे उठून तांदूळ वाटायची, खोबरं खवायची.

ओसरीवर मी वंशावळ लावली होती. धामणकर नाक्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडून मोठी छापून घेतली, जुन्या कागदासारखी पिवळट. तीत पणजोबांपासून खाली सगळे पुरुष. माझ्या दोन वर्षांच्या नातवाचंही नाव होतं. अक्काचं नव्हतं. वंशावळीत मुली नसतात, हे मला इतकं स्वाभाविक वाटत होतं की छापताना मी ते वगळतोय हेही लक्षात आलं नाही.

पहिल्याच पावसाळ्यानंतर ठाण्याचं एक जोडपं आलं. बाई तोंडात घावन असतानाच वंशावळ वाचत होत्या. अक्का गरम घावन घेऊन आली तेव्हा त्यांनी मला विचारलं, “या मावशी किती वर्षं आहेत तुमच्याकडे कामाला?”

अक्का तिथेच, हाताच्या अंतरावर उभी होती. ती माझी बहीण आहे, एवढंच बोलायचं होतं. पण माझं नुकतंच त्यांना सरदाराचं आणि तलवारींचं सांगून झालं होतं, त्यांच्या नजरेत मी कोणीतरी मोठा होतो, आणि अक्का तोंड उघडून ‘हाय’ म्हणाली असती. मी म्हणालो, “बरीच वर्षं.”

“अशी माणसं आता मिळत नाहीत,” बाई म्हणाल्या.

“न्हाय मिळत,” अक्का म्हणाली आणि आत गेली.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. काय बोलावं ते ठरवून गेलो होतो. ती तवा पुसत होती. मान वर न करता म्हणाली, “सर, उद्याला किती माणसं येणार हायत?”

मला वाटलं थट्टा आहे. मी म्हणालो, “अक्का, सर काय.”

“सरच. शाळेत शिकवलंत ना तुम्ही?”

त्या दिवसापासून तिने मला अरेतुरे करणं सोडलं. पाहुण्यांसमोरही सर आणि पाहुणे नसतानाही सर. चहा आणू का सर, औषध घेतलंत का सर. मी एकदा रागावलो, एकदा विनवणी केली. ती म्हणाली, “कामाच्या बाईनं साहेबाला अरे म्हनलं तर तुमच्या पाहुण्यांना कसं वाटंल?” तरीही मी पुढच्या पाहुण्यांना खरं सांगितलं नाही. उलट एव्हाना ते सोयीचं झालं होतं. मावशी हा आमच्या घराचा एक देखावा झाला होता. पाहुणे तिचे फोटो काढायचे. मुलगा म्हणाला, “बाबा, आत्याचा तव्यापाशी बसलेला फोटो वेबसाइटवर टाकलाय, सगळ्यात जास्त बुकिंग त्याने येतंय.” आत्याला विचारलंस का, असं मी त्याला विचारलं नाही. त्याने तो शब्दही माझ्याशी फोनवरच वापरला. पाहुण्यांसमोर तोही तिला मावशी म्हणायचा.

असं तीन वर्षं चाललं. मग गेल्या दिवाळीआधी तीन मैत्रिणी राहून गेल्या. निघताना एकीने बॅगेतून साडी काढली. वापरलेली, काठाला हळदीचा डाग पडलेली. “मावशी, ही तुम्हाला. मी फार नेसले नाहीये.” अक्काने दोन्ही हात पुढे करून ती घेतली. त्या बाईने माझ्याकडे बघितलं, आपण काही चांगलं केलं की माणूस साक्षीदार शोधतो तसं. मी हसून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी घरात एकही पाहुणा नव्हता. अक्का ती साडी नेसून ओसरीवर आली. डागाचा काठ समोर येईल असा पदर घेतला होता. माझ्यासमोर ताट ठेवून म्हणाली, “सर, या घरानं मला दोन साड्या दिल्या. पयली घर सोडायची. दुसरी ही. आता तिसरीची वाट न्हाय बघत.”

दुपारी भाची रिक्षा घेऊन आली. अक्काची पिशवी एकच होती. दारातून वळून तिने वंशावळीकडे पाहिलं, मला वाटलं काही म्हणेल. ती म्हणाली, “तवा ओला ठेवू नका.”

मी दुसरी बाई कामाला ठेवली. तिला उपमा यायचा आणि इडली बाजारच्या पिठाची. पाहुणे कमी झाले नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो, कारण मला वाटत होतं ते कमी होतील. नव्या बाईलाही ते मावशी म्हणाले, तिच्याबरोबरही फोटो काढले, तिच्या उपम्यालाही ‘अस्सल पारंपरिक चव’ म्हणून गेले. माझ्या बहिणीला मी कोणासाठी विकलं, ते तेव्हा मला कळलं. यांना समोर काय वाढलंय तेसुद्धा कळत नव्हतं. आणि ते कळत नाही म्हणून मी त्यांना हसायचो. त्यांना खोटं मी सांगत होतो. त्यांनी ते मानलं, एवढाच त्यांचा गुन्हा.

मी अभिप्रायाची वही घेऊन बसलो. ज्या ज्या पानावर ‘मावशी’ होतं, त्या पानावर खाली लिहिलं: ‘ही माझी थोरली बहीण. हे घर तिचं आहे.’ एकसष्ट वेळा लिहिलं. मुलाला फोन करून म्हणालो, वेबसाइट बंद कर. तो म्हणाला, “बाबा, एवढ्याशा गैरसमजावरून?” मी म्हणालो, गैरसमज नव्हता, मी खोटं बोललो. तो म्हणाला, आपण नंतर बोलू. अजून बोललेला नाही. वेबसाइट चालू आहे आणि अक्काचा फोटो तिच्यावर आहे. फोन करणाऱ्याला मी खोल्या बंद आहेत असं सांगतो.

गेल्या महिन्यात मी वही आणि बिडाचा तवा घेऊन काल्हेरला गेलो. दार भाचीने उघडलं. तिने उभ्याउभ्याच वही चाळली. “मामा, पेनने लिहिलंत ते बरं केलंत,” ती म्हणाली. “पण हे वाचणार कोण? पाहुणे तर गेले.” म्हणून मी इथे लिहितो आहे.

अक्का आतून आली. वहीकडे तिने बघितलं नाही. तवा हातात घेतला, उजेडात धरला. नव्या बाईने तो साबणाने घासून ओलाच ठेवला होता, मध्यभागी तांबूस गंज धरला होता. मी म्हणालो, “अक्का, माझं चुकलं. घरी चल.”

“आईचा तवा हा,” ती म्हणाली. “चार पिढ्यांत गंजला न्हवता.”

तिने तो घासला, तेल लावलं, कांदा अर्धा चिरून त्यावर फिरवला, धूर निघेपर्यंत तापवला. मी भाचीच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिलो. मग तिने पीठ सोडलं. पहिलं घावन चिकटलं, मधोमध फाटलं, अर्धं जळलं. तिने ते उलथन्याने खरवडून काढलं, बशीत घातलं, वर थोडा रस ओतला आणि बशी माझ्यापुढे केली.

“पयलं फाटतंच, सर,” ती म्हणाली. “खा.”

मी ते सगळं खाल्लं. दुसरं जाळीदार निघालं. तिने ते आपल्या मुलीला हाक मारून तिच्या ताटात वाढलं.