हैबतरावांचं नाक

हैबतरावांचा स्वतःच्या नाकावर फार विश्वास. कासार आंबोलीची जमीन बंगलेवाल्यांना विकून त्यांनी पौड रस्त्याला कॉलेज काढलं आणि तो विश्वास आणखीच फुगला. प्रयोगशाळेला पुढून चकाचक काच बसवली, ती रस्त्यावरून दिसावी म्हणून. मागच्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्या, माकडं येतात म्हणून. आतली हवा कुठून जाणार, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही.

तो पडला रसायनशास्त्राच्या सुनीती मॅडमना. "सर, तीव्र आम्लं वापरायची तर वायू बाहेर ओढणारं कपाट लागेल. निदान खिडक्या तरी उघडा."

हैबतराव प्रयोगशाळेच्या मधोमध उभे राहिले आणि कुत्र्यासारखे चारी बाजूंनी हुंगले. "कुटं हाय वास? उगं खर्च काढू नका."

"ते वासावर ठरत नाही. रसायन कोणतं, किती, त्यातून वायू निघतो का, हे बघून ठरतं."

"जल्मभर फवारण्या केल्यात मी. तोंडाला फडकं बी न्हाई बांधलं कदी."

ह्याचाही त्यांना अभिमानच होता.

मग पालकांना कॉलेज दाखवायचा दिवस आला. 'रंगीत धूर निघंल असं' काहीतरी करा, असा हैबतरावांचा हुकूम. तांबं आणि नायट्रिक आम्ल बंद खोलीत एकत्र करायला मॅडमनी साफ नकार दिला. पण हैबतरावांचा पुतण्या निरंजन तिथेच शिकवायला होता. काकांचा शब्द खाली पडू न देणं, एवढीच त्याची पात्रता.

त्याने आम्ल ओतलं. तपकिरी धूर उसळला. पालक खोकत दाराकडे वळले, मॅडमनी मुलांना ओढून बाहेर काढलं. सगळ्यात आधी पळाला तो निरंजन, नाकाला रुमाल लावून.

हैबतराव मात्र टेबलापाशी ठाण मांडून उभे. काचेपलीकडे माणसं बघत होती ना.

"सर, बाहेर या," मॅडम दारातून म्हणाल्या.

"काय झालंय मला? बगा की."

खरंच काही झालं नव्हतं. दुपारी पंगतीत ते मॅडमच्या भित्रेपणावर भरपूर हसले. ह्या वायूचा इंगा काही तासांनी कळतो, हे मॅडमनी तिथेच सांगितलं, डॉक्टरकडे जा म्हणाल्या. हैबतरावांनी बासुंदीची आणखी एक वाटी मागवली.

संध्याकाळी त्यांना श्वास घेता येईना. पुण्याला नेलं. फुफ्फुसांत पाणी झालं होतं. प्राणवायूवर कित्येक दिवस काढून ते परतले आणि गावभर सांगत सुटले, "पंगतीतली बासुंदी बाधली."

त्यांचं तोंड धरायला कोण जाणार? मॅडमनी दुसऱ्या शिक्षकांना बरोबर घेतलं आणि प्रयोगशाळेच्या फळ्या पहारीने उचकटून टाकल्या. फळ्या पडल्याचा आवाज ऐकून हैबतराव दारात आले. ओरडायला तोंड उघडलं, पण नुसता खोकलाच आला. भिंतीचा आधार घेत ते परत फिरले.

वायू ओढणारं कपाट अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत मॅडम नायट्रिकच्या बाटलीला हात लावत नाहीत. हैबतराव पालकांना सांगतात, खिडक्या आपणच उघडायला लावल्या.