बदामी घोडीला कळपात सोडलं तेव्हा

पैलवान आयुष्यात कधी कुस्ती खेळला नव्हता. सव्वासहा फूट उंची आणि दारातून आडवं होऊन आत यावं लागेल असे खांदे, एवढ्या भांडवलावर शाळेत असतानाच हे नाव त्याला चिकटलं आणि बावन्नाव्या वर्षापर्यंत सुटलं नाही. शहराच्या कडेला घोडेस्वारी शिकवणारी एक छोटी शाळा होती. तिथे तो एकोणीस वर्षं मोतद्दार होता. घोड्यांचं चारापाणी, खरारा, लीद काढणं, खोगीर चढवणं, सगळं त्याच्याकडे. शिकायला येणाऱ्या मुलांच्या आया त्याच्याकडे एकदा बघत आणि निर्धास्त होऊन बाकावर जाऊन बसत.

या माणसाला घोड्यांची भीती वाटते हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. ती घरी शिवणकाम करी. सकाळी बूट घालताना त्याच्या हातातून नाडी दोनदा निसटली, की ती मशीनवरून मान वर न करता म्हणे, "अहो, नका जाऊ आज. सांगा ताप आलाय."

"रोज कुठून आणू ताप?" तो म्हणे आणि निघे.

भीती तीन वर्षांपूर्वी बसली होती. तिचं कारण मात्र बायकोलाही माहीत नव्हतं.

शाळेत चार जनावरं होती. करड्या रंगाची थोरली, जिच्या एका कानाच्या हालचालीवर बाकीचे पाण्यावरून बाजूला होत. दोन तांबूस घोड्या, ज्यांना सगळे जुळ्या म्हणत, जरी त्या वेगवेगळ्या आयांच्या होत्या. आणि एक म्हातारा, खच्ची केलेला घोडा, आजोबा. तीन वर्षांपूर्वी या चौघांत एक तरुण घोडी आणली होती. पैलवानानेच तिला कुरणात नेऊन सोडलं. थोरली कान मागे टाकून तिच्यावर धावली, जुळ्याही मागोमाग सुटल्या, आणि तिघींनी मिळून नवीला हौद आणि तारेच्या मधल्या कोपऱ्यात कोंडलं. पैलवान कुंपणाबाहेर, कोपऱ्यातल्या फाटकापासून दहा पावलांवर होता. फाटक उघडलं असतं तर तिला वाट मिळाली असती. पण टापांचा तो दणदणाट अंगावर येताना ऐकून तो पाण्याच्या टाकीमागे गेला आणि डोळे मिटून उभा राहिला. तार तुटल्याचा आवाज आला तेव्हाच त्याने डोळे उघडले. घोडीने उडी मारली होती. तिचा पुढचा पाय गुडघ्याखाली मोडून लोंबत होता. संध्याकाळच्या आत जनावरांच्या डॉक्टरने तिला इंजेक्शन देऊन मोकळं केलं.

"मी धावलो, पण पोचेपर्यंत उशीर झाला होता," असं त्याने मालकीणबाईंना सांगितलं. बाईंनी विश्वास ठेवला. त्याच्या खांद्यांकडे बघून कोणीही ठेवला असता.

आणि आता बाईंनी पुन्हा एक घोडी आणली.

बाई सत्तरीच्या होत्या. आयुष्यभर लोकांचे दात काढून त्यांनी ही शाळा उभी केली होती आणि बोलणंही तसंच होतं, एका झटक्यात. "पैलवान, ही बदामी. आठ वर्षांची आहे. एका म्हाताऱ्याची फिरायची बग्गी ओढायची. तो गेला. सात वर्षं एकटीच राहिलीय, दुसरा घोडा तिने जवळून पाहिलेला नाही. सावकाश मिसळा तिला."

एकटी वाढलेली म्हणजे हिला घोड्यांची भाषाच येत नसणार. थोरलीने कान पाडले तर त्याचा अर्थ काय, कुठे वळायचं, किती अंतर सोडायचं, हे हिला कोण सांगणार?

त्याने सावकाश म्हणजे फारच सावकाश घेतलं. पहिले दोन आठवडे ती कडेच्या लहान वाड्यात राहिली, खोकला-सर्दी नाही ना हे बघायला. ते ठीकच होतं. मग आणखी एक आठवडा कुंपणावरून नाकाला नाक लावू देण्यात गेला. थोरलीने हुंगलं, मग ती किंचाळली आणि तिने पुढचा पाय जमिनीवर आपटला. बदामी दचकून मागे सरली आणि पैलवानाच्या काखेत तोंड खुपसायला बघू लागली. त्याने आणखी एक आठवडा वाढवला. नालबंदाला बोलावून थोरलीच्या आणि जुळ्यांच्या मागच्या पायांचे नाल काढून घेतले, म्हणजे लाथ बसलीच तर निदान लोखंडाची नको. कुरणाच्या चारही कोपऱ्यांत, फाटकाची जागा तेवढी मोकळी ठेवून, गवताचे भारे रचून ते गोल केले, कोणी अडकायला नको म्हणून. रोज कडी तपासायची, तेल घालायचं, पुन्हा तपासायची. आणि रोज काहीतरी निघायचं. आज वारा फार आहे, आज जुळ्या बिथरल्यात, आज जमीन ओली आहे.

पाचव्या आठवड्यात बदामी एकाच जागी उभी राहून डोकं डावीकडून उजवीकडे झुलवू लागली. तास तास. चारा तसाच पडून राही. बरगड्या दिसू लागल्या.

"उद्या सोडायची तिला," बाई म्हणाल्या. त्या वाड्याच्या कुंपणाशी उभ्या होत्या. "ही एकटेपणाने खंगतेय."

"आणखी चार दिवस, बाई."

"कशासाठी?"

काहीतरी कारण सांगायला त्याने तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं. "माझ्याच्याने नाही व्हायचं. मागच्या वेळी मी धावलो नव्हतो. मी टाकीमागे लपलो होतो."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. टाकीकडे पाहिलं. पुन्हा त्याच्याकडे.

"फाटक?"

"दहा पावलांवर होतं."

"तीन वर्षं," बाई म्हणाल्या. एवढंच. आणि घराकडे निघून गेल्या. दार त्यांनी आपटलं नाही, हेच त्याला जास्त लागलं.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिचं मशीन थांबलं. ती हातातल्या कापडाची घडी घालत, उलगडत बसली.

"मला वाटायचं तुम्हाला लाथ बसली असेल कधी," ती शेवटी म्हणाली. "लाज वाटते म्हणून सांगत नसाल."

"काढून टाकतील मला."

"टाकू देत. पण उद्या जा. बोलावलं नसलं तरी जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता बाई गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून कुरणाशी आल्या. हातात चाबूक नव्हता, नुसती बादली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"मी कोपऱ्यातल्या फाटकाशी उभी राहते," त्या म्हणाल्या. "उघडायची वेळ आली तर मी उघडीन. तुम्ही आत जायचं."

"आत?"

"तुम्हाला ओळखते ती. तिच्या तोंडावरची मोहरकी काढायला कोणीतरी आत लागणारच."

त्याला वाटलं होतं, फार तर शिव्या बसतील किंवा हिशेब होईल. हे असं काही त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. नाही म्हणावंसं वाटलं. पण तो गवत आणायला निघाला.

आधी त्याने गवताचे सहा ढीग दूर दूर टाकले. पाच तोंडांना सहा, म्हणजे हुसकलेल्याला कुठेतरी खायला मिळावं. मग चौघांना बाहेर ठेवून तो बदामीला आत घेऊन आला, आणि बाईंनी पहिल्यांदा एकट्या आजोबाला सोडलं. आजोबाने बदामीला हुंगलं, तो एकदा शिंकला आणि त्याने जवळच्या ढिगात तोंड घातलं. इथवर ठीक. मग जुळ्या आल्या, गोल फिरल्या, थोडं किंचाळणं झालं. पैलवान कुरणाच्या मध्यावर उभा होता. सदरा पाठीला चिकटला होता. बदामीची मोहरकी त्याने काढली, पण बक्कल सुटलं ते चौथ्या प्रयत्नात.

"थोरलीला सोडतेय," बाई फाटकातून ओरडल्या.

थोरली आत आली आणि थांबली. मान खाली, कान सपाट. ती धावण्याआधीचा तो एक क्षण पैलवानाने ओळखला. मग टापा.

बदामी पळाली, पण कुरणाच्या टोकाकडे नाही. घोड्यांपासून जीव वाचवायचा असेल तर माणसाकडे जायचं, एवढंच तिला आयुष्यात समजलं होतं. ती सरळ पैलवानाकडे आली आणि त्याच्या पाठीमागे शिरली. तिचा ऊन श्वास त्याच्या मानेवर, आणि समोरून थोरली.

लपायला काही नव्हतं. ज्याच्यामागे लपायचं ते तोच झाला होता. डोळे मिटावेत असं फार वाटलं, पण मिटले तर ती कुठल्या बाजूने येते ते कळणार नाही, या भीतीने ते उघडेच राहिले. दोन्ही हात पसरून त्याने ओरडायचा प्रयत्न केला. एवढ्या देहातून जो आवाज निघाला तो दाराच्या बिजागरीचा.

"बाजूला व्हा!" बाई किंचाळल्या. "मधे उभे राहू नका! बाजूला!"

तो बाजूला झाला असं म्हणता येणार नाही. त्याचा डावा गुडघा वाकला आणि तो बसला, मग कुशीवर पडला. थोरली हातभर अंतरावरून गेली, मातीचं ढेकूळ त्याच्या गालावर बसलं. बदामीचा आडोसाच संपला, तेव्हा तिला पळणं भाग पडलं, आणि या वेळी ती कुरणात पळाली. जमिनीवर पडल्या पडल्या त्याला नुसते पाय दिसत होते. कुठले कोणाचे कळेना. पाय भाऱ्यांच्या कोपऱ्याकडे गेले. पाय त्या गोलाईवरून वळले आणि पुन्हा मोकळ्यावर आले. बाईंचा हात फाटकाच्या कडीवर होता. कडी काढायची वेळ आली नाही.

तिसऱ्या फेरीत थोरलीने बदामीच्या पुठ्ठ्याला चावा घेतला. बदामी किंचाळली, पुढे गेली, थांबली, मान खाली घालून जबड्याची उघडझाप करू लागली, शिंगरू थोरल्या घोड्यापुढे नमतं घेताना करतं तसं. हे तिला कोणी शिकवलं कोण जाणे. थोरलीने तिच्याकडे बघितलं, शेपूट झटकली आणि गवताच्या ढिगाकडे वळली.

बाई आत आल्या. त्यांनी हात पुढे केला, पण सत्तरीच्या हाताने त्याला उठवणं शक्य नव्हतं. तो आपला आपण उठला.

"मी पडलो," तो म्हणाला.

"दिसलं मला." बाईंचा आवाजही सरळ नव्हता. "माझेही पाय आत्ता माझे नाहीत. पाच मिनिटं बसूया कुठेतरी. कुरणातून बाहेर नको, इथेच."

ते एका भाऱ्यावर बसले. मागच्या घोडीबद्दल बाई तेव्हाही काही बोलल्या नाहीत, पुढेही नाहीत. माफ केलं की नाही हे त्याला कधीच कळलं नाही. कामावरून मात्र काढलं नाही, आणि त्या महिन्यात कोपऱ्यातली तार काढून तिथे लाकडी कुंपण घालून घेतलं.

दुपारी त्याने बदामीची जखम धुतली. तळहाताएवढी कातडी गेली होती. औषध लावताना ती थरथरली, तोही थरथरला. पुढचे अकरा दिवस थोरली तिला हौदावर येऊ देत नव्हती. पैलवान तिला वेगळी बादली नेई, जीव मुठीत धरून, कुंपणाच्या कडेकडेने. बाराव्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा हौदावर आधी थोरली, मग जुळ्या, मग बदामी, आणि सगळ्यांच्या शेवटी, कसलीही घाई नसलेला आजोबा. त्याने फाटकाबाहेरूनच एकेकाचे पाय मोजले. वीस भरले. पुन्हा मोजले.

"काय झालं?" घरी बायकोने विचारलं.

"प्यायली पाणी."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेरच होतो," तो म्हणाला. "थोरली आत होती ना."

बायको हसली, आणि मग तोही हसला. दुसऱ्या दिवशी बूट घालताना नाडी एकदाच निसटली.