आडवं होण्याची जागा

कागद हेडक्लार्कांकडे आणि ओझं ताईंकडे, ही वाटणी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी झाली आणि पुढे ती मोडायचं कुणाच्या मनात आलं नाही. हेडक्लार्क म्हणजे ताईंचे यजमान. पाणीखात्यात हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले, पण खुर्ची सुटली तरी हुद्दा सुटला नाही. गल्लीत, नात्यात, अगदी दूधवालासुद्धा त्यांना हेडक्लार्कच म्हणायचा आणि घरातही ते त्याच हुद्द्यावर होते. विजेचं बिल, घरपट्टी, ताईंच्या पगाराचं पासबुक, ताईंच्या ऑपरेशनची फाईल, सगळं त्यांच्या काळ्या चेनच्या बॅगेत. ताईंचा पासपोर्ट आला तोही थेट त्या बॅगेत गेला. आतला फोटो कसा आलाय हे ताईंना विमानतळावरच्या बाईने तो उघडला तेव्हा लांबून दिसलं.

हातांची खुर्ची हेडक्लार्कांची. पंख्याखालची बाजू हेडक्लार्कांची. बसची खिडकीही त्यांचीच, कारण त्यांना मळमळतं. मळमळायचं ताईंनाही, पण एका घरात दोघांनी मळमळून कसं चालेल? बरं, यात कुणी कुणावर जुलूम करतंय असं कुणालाच वाटत नव्हतं, आणि ही गोष्ट सांगताना माझं डोकं फिरतं ते इथेच. मारझोड करणाऱ्या नवऱ्याला निदान चार माणसं शिव्या तरी घालतात. हेडक्लार्क सज्जन होते. दारू नाही, विडी नाही, आवाज चढवणं नाही. सज्जन माणसाची तक्रार करायची कुणाकडे?

ताई एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत होत्या. तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत, दिवसभर वाफेत. ओल्या चादरी गाड्यातून उपसायच्या, रोलरच्या यंत्रात घालायच्या, पलीकडून गरम निघाल्या की दोघींनी चार कोपरे धरून घडी घालायची आणि पुन्हा गाड्यावर वाकायचं. ओल्या चादरीचं वजन काय असतं ते उपसणाऱ्यालाच विचारावं. वरच्या मजल्यांवर लोक त्या चादरींवर लोळायचे. ताईंनी त्या हॉटेलातली एकही खोली आतून पाहिली नव्हती. याच कामात पाठ गेली. आधी नुसती कळ, मग पायाला मुंग्या, मग एके दिवशी गाड्यावर वाकल्या त्या सरळच होईनात. ऑपरेशन झालं, नोकरी सुटली, आणि घरात हेडक्लार्क सगळ्यांना सांगू लागले, "आता आराम आहे बुवा तिला." आराम म्हणजे घरचा स्वयंपाक, धुणं, भांडी.

अशात परदेशातल्या लेकीला मुलगी झाली. मूल बाळसं धरू लागलं तशी लेक मागेच लागली, आई तू ये. डॉक्टरीणबाईंना विचारायला दोघं गेले. त्या म्हणाल्या, "जा की. पण बसून जाऊ नका. इतका वेळ बसून गेलात तर उतरल्यावर नात उचलणं राहू द्या, तुम्हालाच दोघांनी उचलून न्यावं लागेल."

ताईंना दुसरं काही नकोच होतं. तिकडचे रस्ते बघायचे नव्हते, दुकानं बघायची नव्हती. नातीला पाळण्यातून आपल्या दोन हातांनी उचलायचं आणि छातीशी धरायचं. एवढ्यासाठी त्या सांगितलेले सगळे व्यायाम दात-ओठ खाऊन करत होत्या.

लेक फोनवर म्हणाली, "आई, तू काही विचारू नकोस. तू आडवी होऊन येशील ते मी बघितलंय. तिकिटं बाबांकडे पाठवलीत." जास्त काही ती बोलली नाही. किंमत कळली असती तर आईने भरलेली बॅग रिकामी करून ठेवली असती, हे ती जाणून होती.

विमानतळावर हेडक्लार्कांनी दोन्ही पासपोर्ट आणि दोन्ही बोर्डिंग पास एकावर एक ठेवून खिडकीत सरकवले, तसेच परत घेतले आणि विमानाच्या दाराशी एक पास ताईंच्या हातात दिला.

"जागा वेगवेगळ्या आल्यात. मी पुढे, तू मागे."

"आणि तुमच्या गोळ्या?"

"माझ्याजवळ आहेत. तू ही पिशवी घे."

ते डावीकडे वळले, ताई पिशवीसकट उजवीकडे.

ताईंची जागा मधल्या रांगेतली मधली. एका अंगाला पसरून बसलेले गृहस्थ, दुसऱ्या अंगाला कोपर मारत टायपिंग करणारी बाई. विमान वर गेल्यावर ताईंनी बटण शोधून दाबलं. पाठ चार बोटं मागे गेली आणि मागच्या माणसाने गुडघ्याने ढोसलं. ताईंनी ती पुन्हा सरळ केली. पोरीला एवढंच आडवं होणं माहीत असेल, त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना लेकीची कीवच आली. मग कमरेत ठणका सुरू झाला. तो मांडीत उतरला, पोटरीत उतरला, शेवटी टाचेत जाऊन बसला. त्या उठून संडासाजवळ उभ्या राहिल्या तर तिथल्या मुलाने, "आजी, पट्टा लावून बसा," म्हणून परत पाठवलं. त्या बसल्या, आणि मनातल्या मनात नातीचं वजन किती असेल याचा अंदाज करत राहिल्या. दर खेपेला ते आधीपेक्षा जड वाटत होतं.

जेवणं झाल्यावर केसात पांढरी बट असलेली, वयाने मोठी अशी एक हवाईसुंदरी रांगा बघत बघत आली आणि ताईंपाशी वाकली.

"पाठीचं ऑपरेशन झालंय त्या तुम्हीच ना?"

"हो. का हो?"

"तुमच्या मुलीने आमच्याकडे फोन करून दोनदा बजावलंय, आईला लगेच बिछाना घालून द्या म्हणून. मी घालायला गेले तर तिथे एक गृहस्थ. म्हणाले, मी नवरा, आम्ही जागा बदलल्यात. नवरा-बायकोत आम्ही पडत नाही. पण मला काही राहवेना. तुम्ही खुशीने बदललीत ना?"

"कुठली जागा?"

"पहिल्या वर्गातली. तुमच्या नावावरची."

"माझ्या नावावर?"

"तुमच्याच. साहेबांचं तिकीट इथलं आहे. या खुर्चीचं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. ताईंची टाचेतल्या ठणक्यासकट गेली. त्यांनी पट्टा सोडला, शेजारच्या गृहस्थांना "उठा" म्हटलं, कृपया वगैरे काही नाही, आणि त्या बाईच्या मागून चालू लागल्या. एक पडदा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या पडद्यापलीकडे आवाजच बंद झाला. पायाखाली जाड गालिचा, मंद दिवे, आणि माणसांना बसायला खुर्च्या नव्हेत, चक्क खोल्या. प्रत्येकाला कमरेइतकी भिंत, सरकतं दार, आपला दिवा, आपलं टेबल. मागे एका रांगेत जेवढी माणसं दाटीने बसली होती तेवढ्या जागेत इथे एकजण पाय ताणून पडला होता.

अशाच एका खोलीत हेडक्लार्क उताणे झोपले होते. कंपनीने दिलेला राखाडी पायजमा-सदरा अंगात, पायात मऊ मोजे, तोंड उघडं. उशाशी सरबताचा अर्धा पेला. टीव्हीवर मासे पोहत होते, ते बघायला कुणी नव्हतं.

"अहो. उठा."

"आं? आलं का?"

"ही जागा माझी आहे."

हेडक्लार्कांनी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला. कचेरीत कुणी अर्ज घेऊन आला की जसं तोंड व्हायचं तसं त्यांचं तोंड झालं.

"हळू बोल. लोक झोपलेत."

"माझी आहे की नाही, तेवढं सांगा."

"नाव तुझं होतं. पण ती पोरीची चूक आहे. घाईघाईत नावांची अदलाबदल झाली असणार तिच्याकडून. म्हटलं, बाळंतीण आहे, तिला कशाला टोचायचं. आपणच दुरुस्त करून टाकू."

आणि ते खोटं बोलत नव्हते! तिकिटं आली तेव्हा त्यांनी ती वाचली, चांगली जागा बायकोच्या नावावर पाहिली, आणि हे चुकलंय असं त्यांना मनापासून वाटलं. दुसरं काही असू शकतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यापेक्षा चोरी केली असती तर परवडलं असतं. चोराला निदान माहीत असतं की वस्तू दुसऱ्याची आहे.

"ऑपरेशन कुणाचं झालं?" ताई म्हणाल्या.

"अगं, पण तू कुठे बोललीस दुखतंय म्हणून?"

"डॉक्टरीणबाई बोलल्या. तुमच्यासमोर बोलल्या. तिथे एकच खुर्ची होती, तिच्यावर तुम्ही बसला होतात. मी उभी होते."

"आणि इथली ही बटणं, ही पद्धत... तू बावरली असतीस. तुझ्याच भल्यासाठी—"

"चादरीवर पडायला मला शिकवणी लावायची होती का? जन्म गेला माझा परक्यांच्या चादरी उपसण्यात. उठा!"

पलीकडच्या भिंतीवरून एक टक्कल वर आलं. "इथे आम्ही झोपायचे पैसे भरलेत, भांडण ऐकायचे नाही."

"माझ्या लेकीनेही भरलेत," ताई त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या. "जिच्यासाठी भरलेत ती अजून झोपलेली नाही. पडा तुम्ही."

टक्कल खाली गेलं. हेडक्लार्क बिछान्याच्या काठावर बसले. आजवर बायको ओरडली तर तिला ताप आला असेल असं समजायची त्यांना सवय होती. ताप नाही हे आता त्यांच्या लक्षात येत होतं.

"बरं, येतो मी मागे. पण हा पायजमा यांचा आहे. कपडे बदलायला—"

"तसेच जा."

आणि हेडक्लार्क तसेच गेले. राखाडी पायजम्यात, बगलेत काळी बॅग, हातात बूट. पांढऱ्या बटेची बाई त्यांना पडद्यापर्यंत पोचवून आली आणि हसू दाबत म्हणाली, "चादर बदलून देते हं."

"बदलाच," ताई म्हणाल्या.

तिने नवी चादर अंथरली, दोन उशा ठेवल्या, पांघरूण उलगडलं. ताई कुशीवर टेकल्या आणि हळूहळू पाठीवर आल्या. कंबर टेकली, पाठ टेकली, खांदे टेकले. कुठेही काही टोचत नव्हतं. टाचेतला ठणका पोटरीपर्यंत वर आला आणि तिथेच विरत गेला. खिडकीच्या फटीतून उन्हाची तिरीप त्यांच्या हातावर पडली होती. एवढी जागा एका माणसाला असते आणि लोक ती खुशाल वापरतात, कुणाला लाज वाटत नाही, कुणी माफी मागत नाही. त्यांना झोप यायला हवी होती. पण राग अजून कानशिलांत उडत होता.

मग त्यांच्या मनात आलं, मधल्या जागेवर हेडक्लार्कांची मान अवघडेल. त्यांना उशाला दोन लागतात.

ताई उठून बसल्या. एक उशी काखेत घेतली, एक पाय गालिच्यावर ठेवला. दार सरकवायला हात पुढे केला, आणि तेव्हा कुठे आपण काय करतोय हे त्यांना कळलं.

एवढं झालं, तरी हात त्यांच्याचसाठी उशी उचलतोय! या हाताला झालंय तरी काय? कुणी मागितली नव्हती, कुणी हाक मारली नव्हती. इतकी वर्षं हेडक्लार्क मागत नव्हते, कारण मागायच्या आधीच ही बया घेऊन हजर. ताईंना स्वतःचा इतका संताप आला की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पांढऱ्या बटेची बाई धावत आली.

"काय झालं? दुखतंय का? साहेबांना काही द्यायचंय का नेऊन?"

"नाही," ताई म्हणाल्या. मग दुसऱ्यांदा जोरात म्हणाल्या, "काही द्यायचं नाही."

त्यांनी पाय आत घेतला, पुन्हा पाठ टेकवली, ती दुसरी उशी आपल्या गुडघ्यांखाली सारली आणि कुणी ओढून नेईल या भीतीने दोन्ही पायांनी दाबून धरली.