साठ टक्के हँडिकॅप

आमच्या टूर्नामेंटचे बॅनर दरवर्षी फाटतात, ट्रॉफीचं पॉलिश उडतं, किस्से मात्र वाढतच जातात. दोन माणसं चहाला बसली की एक किस्सा निघतो, आणि उठेपर्यंत त्याला दोन पिल्लं झालेली असतात! मी शाळेतून रिटायर होऊन नोंदणीच्या टेबलावर बसले, तेव्हा गोल्फ म्हणजे माझ्या लेखी चॅनल बदलताना मधे लागणारा खेळ होता. आता बारामती-इंदापूरच्या मधल्या आमच्या मैदानावर मोठमोठे प्रोफेशनल खेळाडू येतात आणि सगळे मला ‘बाई’ म्हणतात. चंदीगडचेसुद्धा!

*

सुरुवात झाली ती आबांच्या जमिनीपासून. सणसरच्या पुढची त्यांची ही जमीन पाणी देऊन देऊन खारावली होती. बारामतीचे आमचे डॉक्टर हाडांचे सर्जन, आणि त्यांना गोल्फचं भयंकर वेड. जमीन मागायला ते मला सोबत घेऊन गेले, कारण आबांची तिन्ही मुलं माझ्या हाताखालून शिकून गेलेली.

आबा म्हणाले, “घ्या की. पर हितं हराळीबिगर काय उगवत न्हाय.”

डॉक्टर उडालेच. “आबा, मला हराळीच हवी आहे! गोल्फला तेच गवत लागतं.”

हराळी खणता खणता आबांची उभी हयात गेलेली. त्यांनी डॉक्टरांकडे नीट निरखून पाहिलं, मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “बाई, ह्ये हाडांचं डॉक्टर न्हवं? मग ह्यांचं डोकं कुणाला दाखवायचं?”

जमीन मात्र दिली. भाड्याचा विषय निघाला तेव्हा आबांनी चहा मागवला, आणि तो विषय पुन्हा कधी निघालाच नाही.

*

पहिल्या वर्षी प्रोंच्या जोडीला हौशी खेळाडूही होते. हौशी खेळाडू किती कच्चा, ते सांगणाऱ्या आकड्याला गोल्फमध्ये हँडिकॅप म्हणतात. मी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘हँडिकॅप सर्टिफिकेट सोबत आणावे.’

कऱ्हाटीचे बबनराव सकाळी सकाळी कुबड्यांवर हजर! उसाच्या ट्रॉलीखाली त्यांचा एक पाय गुडघ्यापासून गेलेला. लॅमिनेट केलेलं सरकारी सर्टिफिकेट त्यांनी टेबलावर ठेवलं. “बाई, माझा साठ टक्के हाय.”

शेजारी पुण्याचे एक साहेब उभे होते. पांढरी टोपी, पांढरे बूट. ते हसून म्हणाले, “माझा अठरा.”

बबनरावांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. दोन्ही हात, दोन्ही पाय जागच्या जागी. “अठरावर काय मिळत न्हाय, पाव्हणं. चाळीसच्या वर लागतंय. पुन्यांदा तपासून घ्या!”

सगळे पोट धरून हसले. डॉक्टर हसता हसता थांबले. टूर्नामेंटची देणगी कोणत्या कामाला द्यायची, हे तोवर ठरलं नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढून बबनरावांना बसवलं आणि विचारलं, “पाय मिळाला तर काय कराल?”

“दारं धरीन,” बबनराव म्हणाले. उसाला पाणी देताना चिखलात उभं राहून एका सरीचं पाणी दुसरीत वळवायचं, त्याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. “आता भाऊ धरतो, बायको धरती. मी निस्ता बघत बसतो. लई वंगाळ वाटतं, डॉक्टर.”

त्या दिवसापासून आमच्या टूर्नामेंटची देणगी कृत्रिम पायांसाठी जाते.

*

बॉल होलमध्ये ढकलताना चिडीचूप शांतता लागते. आमचं पब्लिक पडलं कुस्तीच्या फडातलं! समोर कुणी वाकला की आरोळी ठोकणारच. म्हणून डॉक्टरांनी दवाखान्यातल्या पाट्या आणून स्वयंसेवकांच्या हातात दिल्या. ‘शांतता राखा. पेशंट विश्रांती घेत आहेत.’

चंदीगडच्या खेळाडूला मराठी येत नव्हतं, तो निवांत खेळला. त्याच्या मागून आलेल्या कोल्हापूरच्या खेळाडूने पाटी वाचली आणि हातभर अंतरावरून चुकला! गर्दीतली एक म्हातारी त्याच्याकडे बघून हळहळली, “एवढं धडधाकट पोर! काय झालंय वो ह्याला?”

*

मैदानाच्या तिन्ही बाजूंना ऊस. त्यात बॉल गेला की गेला. एका खेळाडूने आबांना अदबीने विचारलं, “बॉल मिळेल का हो?”

“मिळंल की. तोड आल्यावर.”

“तोड कधी येणार?”

आबांनी सुस्कारा सोडला. “त्ये आमाला कळलं असतं तर काय पायजे हुतं!”

यथावकाश तोड आली. ऊस तोडणाऱ्या बायकांनी पाटीभर बॉल आबांच्या ओट्यावर आणून ओतले, एकही ठेवून घेतला नाही. देणगीदारांच्या यादीत मी त्यांच्या टोळीचं नाव सगळ्यात वर लिहिलं. पुढच्या वर्षी त्यातल्या दोघी ती यादी बघायला मुद्दाम आल्या होत्या.

*

बबनरावांचा पहिला पाय आला तो चकचकीत बुटासकट. डॉक्टरांनी बजावलं, “ह्याला पाणी आणि चिखल लागू द्यायचा नाही.”

बबनराव पायाकडे बघतच राहिले. “मग ह्यो लग्नाकार्याचा झाला, डॉक्टर. कामाचा कुठाय?”

डॉक्टर खजील झाले. त्यांनी खटपट करून चिखलात चालणारा रबरी पाय मिळवला, पण आमच्या काळ्या रानात तो घसरायचा. बबनराव दोनदा आपटले आणि पुन्हा कुबड्यांवर आले. टूर्नामेंटच्या मांडवात ते मला हे सांगत होते. त्या वर्षी जिंकलेला खेळाडू शेजारी उभा राहून ऐकत होता. ट्रॉफी खुर्चीवर ठेवून तो खाली बसला, पायातले बूट काढले आणि उलटे करून दाखवले. ओल्या गवतावर पाय घसरू नये म्हणून गोल्फच्या बुटांना तळाला स्पाइक्स असतात. छोट्या किल्लीने ते एकेक फिरवून काढत त्याने बबनरावांच्या ओंजळीत ठेवले. “हे रबरी पायाला बसवून घ्या.”

“आन् तुमी?”

“मी काय, जिंकलो की आता!”

मुलगा माझ्या नातवाच्या वयाचा, पण मी त्याला हात जोडले. अजून आठवलं की मन भरून येतं. कोण कुठला तो, आणि कुठली कऱ्हाटी!

*

पुढच्या वर्षी पहिला बॉल मारायचा मान बबनरावांचा होता. स्पाइक्स लावलेला पाय आठवड्यापूर्वीच बसवला होता. पाहुणे खुर्च्यांवर, फोटोग्राफर गुडघ्यावर, खेळाडू रांगेत, आणि बबनराव गायब! नऊ वाजले, साडेनऊ वाजले.

“पुन्हा पडले असतील,” डॉक्टर पुटपुटले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडे पाण्याचा खळखळाट! “अहो बबनराव, सगळे खोळंबलेत इथे!”

“बाई, लाईट आलीया! दारं धरलंय. चार सऱ्या ऱ्हायल्यात, तवर कुणीबी मारा त्यो बॉल!”

डॉक्टरांनी माझ्या हातून फोन ओढून घेतला. “बबनराव, पाय कसा आहे?”

“कुठला वो?”